सोरोरिटी, सास्तूर आणि दहा तारीख

मंडळी, क्षणभर डोळे मिटा आणि 'सोरोरिटी' हा शब्द मनातल्या मनात म्हणा. काय दिसलं? गुलाबी टी-शर्टातल्या चाळीस मुली, मागे पांढऱ्या खांबांचा बंगला, पायऱ्यांवर उभं राहून टाळ्यांच्या तालावर गाणं, बरोबर? त्यात आपला काही दोष नाही. २००१ साली 'लीगली ब्लॉन्ड' आला, २००८ साली 'द हाउस बनी' आला आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींनी 'आज मी काय घातलंय' असे रोजचे व्हिडिओ टाकून 'बामा रश' जगभर गाजवलं. आपल्याकडे टिकटॉक बंद होतं, तरी ते व्हिडिओ इन्स्टावरून आपल्यापर्यंत बरोबर पोचले. एकूण इमेज काय, तर सोरोरिटी म्हणजे श्रीमंत बापाच्या मुलींचा टाइमपास!

आमच्या घरात हा शब्द शिरला तो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून, एका सप्टेंबरच्या रात्री. माझी मावसबहीण कॅनडातल्या एका विद्यापीठात शिकते. वय एकोणीस, दुसरं वर्ष. मेसेज असा होता : 'ताई, मला बिड आलीये!! उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. आईला काय सांगू?'

आता 'बिड' म्हणजे काय, हा फंडा आधी क्लिअर करू. कारण काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, मेसेज वाचून पहिला प्रश्न विचारला तो, 'एल-वन कोण आहे?' आयुष्यभर टेंडरं भरलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार?

तर, सोरोरिटी म्हणजे विद्यापीठातल्या मुलींची सभासदत्वाची संघटना. नाव बहुतेक वेळा दोन-तीन ग्रीक अक्षरांचं. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू झालं की 'रिक्रूटमेंट' होते, जुन्या भाषेत 'रश'. इच्छुक मुली एकेका सोरोरिटीच्या सभासद मुलींना भेटतात, गप्पा मारतात. अशा तीन-चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत दोन्ही बाजू आपापली यादी लहान करत जातात. तुम्ही त्यांना निवडता, त्या तुम्हाला निवडतात. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच समजा, फक्त इथे स्थळ चाळीस मुलींचं असतं. शेवटी जुळलं तर लेखी निमंत्रण येतं, ते म्हणजे बिड. मग काही आठवडे 'न्यू मेंबर' म्हणून काढायचे, एक सीनियर मुलगी तुमची 'बिग', म्हणजे थोरली बहीण होते, त्यानंतर दीक्षाविधी आणि तुम्ही आत. दर टर्मला वर्गणी, ठरलेल्या मीटिंग, मार्क्स अमुक एका रेषेच्या वर ठेवायची अट आणि एखाद्या सामाजिक कामासाठी निधी जमवणं. 'अल्फा फाय' नावाची सोरोरिटी, उदाहरणार्थ, स्त्रियांच्या हृदयविकारासाठी काम करते.

हे सगळं फॅमिली ग्रुपवर पोचलं आणि मावशीने एकच वाक्य टाकलं : 'मैत्रिणी मिळवायला पैसे द्यायचे?'

बॉस, प्रश्न बिनतोड आहे. वर पैशाचा मुद्दा खरोखरच मोठा. कॅनडात शिकायला जाणाऱ्या मुलांना राहण्या-खाण्यासाठी किती रक्कम हाताशी आहे ते दाखवावं लागतं. तो आकडा जानेवारी २०२४मध्ये १०,००० कॅनेडियन डॉलरवरून एकदम २०,६३५वर गेला आणि पुढे आणखी वाढला. टर्म चालू असताना कॅम्पसबाहेर काम करायला नोव्हेंबर २०२४पासून आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे. म्हणजे बहिणीच्या हातात येणारा प्रत्येक डॉलर मोजलेला. त्यात ही वर्गणी. इकडे शैक्षणिक कर्जाचे हप्ते मावशी-काकांच्या पगारातून जातायत. तिकडे ही मुलगी तळघरातल्या खोलीत राहते आणि पहिल्या वर्षभर फोनवर तिचं ठरलेलं वाक्य, 'इथे सगळे छान आहेत गं, पण माझं कुणी नाहीये.'

पेशाने पत्रकार असल्यामुळे मी त्या रात्री वाचायला बसले. आणि काय सांगू, गुलाबी टी-शर्टच्या मागे एक सॉलिड गोष्ट निघाली.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका कॉलेजात १८६०च्या दशकाच्या अखेरीस मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. कॉलेजात मुलांच्या 'फ्रॅटर्निटी' होत्या, म्हणजे भाऊमंडळं. बेटी लॉक नावाच्या विद्यार्थिनीला त्यातल्या एका मंडळाने म्हणे बॅज घालायची परवानगी देऊ केली, सभासदत्व मात्र नाही. शोभेची बाहुली म्हणून मिरवायचं. तिने नकार दिला आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींना घेऊन स्वतःचंच मंडळ काढलं, 'कप्पा अल्फा थीटा'. तेव्हा अशा मंडळांसाठी 'सोरोरिटी' हा शब्दही वापरात नव्हता. तो १८८२ साली न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस विद्यापीठात लॅटिनच्या एका प्राध्यापकाने सुचवला. लॅटिनमधली 'सोरोर' म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतातली 'स्वसृ' तिचीच सख्खी. म्हणजे शब्द दिसतो तेवढा परका नाही!

कॅनडात ही प्रथा आली १८८७ साली. टोरोंटोच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने मुलींना वर्गात बसू द्यायला १८८४मध्ये सुरुवात केली आणि तीनच वर्षांत तिथे याच कप्पा अल्फा थीटाची शाखा उघडली. वर्गात मूठभर मुली, आजूबाजूला सगळे पुरुष, बऱ्याच जणांच्या मते या मुलींनी इथे यायलाच नको होतं. अशा जागी चार जणींनी ठरवून एकत्र बसणं हा टाइमपास नव्हता, टिकून राहायचा मार्ग होता.

आणि आता खास आपल्या मराठी वाचकांसाठी. नेमकं तेच साल, १८८७. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत गावोगाव भाषणं देत फिरत होत्या. इकडच्या बालविधवांसाठी त्यांना शाळा काढायची होती. तिथल्या बायकांनी ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळं काढली. वर्गणी प्रत्येकी वर्षाला एक डॉलर, सलग दहा वर्षं द्यायचं कबूल करायचं. डिसेंबर १८८७मध्ये बोस्टनला मुख्य संघटना उभी राहिली आणि त्या वर्गणीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. ज्या मुलींचं तोंड कधी दिसणार नाही, त्यांच्यासाठी दर वर्षी एक डॉलर! बहीणपण आणि वर्गणी यांचं नातं हे असं जुनं आहे.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला सांगायला गेले. मावशी म्हणाली, 'इतिहास नको सांगूस. आईला फोन लाव.' आई म्हणजे आमची आजी, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. आमच्या घरात सुप्रीम कोर्टाचं खंडपीठ तिथे बसतं.

आजी आयुष्यात कॉलेजात गेलेली नाही. व्हिडिओ कॉलवर बहिणीने तिला सोरोरिटी समजावून सांगायला घेतली. मुली किती, मीटिंग कधी, वर्गणी कशी. आजीने मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, 'आगं, म्हंजी गटच की गं!'

गट म्हणजे बचत गट. आणि आजीला गटातलं सगळं कळतं. का, हे समजायला सास्तूरमध्ये काय घडलं ते सांगायला हवं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून गाव झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. बातम्यांत नाव आलं किल्लारीचं, पण तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूरही त्याच पहाटे कोसळलं. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी तिथली घरं. उन्हाळ्यात गार, पण पडली तर आतल्या माणसाला वाट नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. सास्तूर त्यांतलंच एक.

नव्या गावात घरं मिळाली, पक्की. जमिनीप्रमाणे तीन आकारांची, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. सरळ रस्ते, आखलेल्या ओळी, शहरातल्या कॉलनीसारखे. पण जुन्या गावात घराला घर लागून होतं, भिंतीवरून वाटीभर कोरड्यास इकडून तिकडे जायचं. नव्या आखणीत घरं आकाराच्या हिशेबाने लागली आणि कोण कुठे गेलं त्याचा पत्ता नाही. आजीची डाव्या हाताची शेजारीण त्या पहाटे गेली. उजव्या हाताची वाचली, पण नव्या गावात पार दुसऱ्या टोकाला. आजी आजही म्हणते, 'घर मिळालं, पर शेजार न्हाई मिळाला.'

माझी बहीण तळघरातल्या खोलीतून वर्षभर जे सांगत होती, त्याचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

भूकंपानंतर या दोन जिल्ह्यांत बायकांच्या कामाला वेगळीच गती आली. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' उभ्या केल्या. ज्या गावांत घरांची दुरुस्ती करायची होती तिथे सरकारी योजना लोकांना समजावून सांगणं, काम नीट होतंय ना ते बघणं, हे गावातल्याच बायकांनी केलं. पुढे याच पट्ट्यात बचत गट पसरले. गटाची कल्पना देशभर तेव्हा नवीच होती. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला होता. एका गटात दहा ते वीस बायका, ठरलेल्या दिवशी मीटिंग, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि सगळ्याचा लेखी हिशेब. पंचसूत्री म्हणतात तिला.

आजीच्या गटात पंधरा जणी. सुरुवात महिना वीस रुपयांनी, मीटिंग दर महिन्याच्या दहा तारखेला. पंधरा वीसा तीनशे. वर्षाला छत्तीसशे. त्यातून गरजेला कर्ज, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. सावकाराचा दर याच्या कितीतरी वर, आणि गटातलं व्याज परत गटातच. बियाणं, दवाखाना, पोरांच्या फिया, सगळं यातून निघायचं.

तर अशा पार्श्वभूमीच्या आजीने नातीची जी उलटतपासणी घेतली, ती कुठल्याही एच.आर.वाल्याने फ्रेम करून लावावी.

'वर्गणी चुकली तर काय करत्यात?' बहीण म्हणाली, हप्ते पाडून मिळतात, आधी सांगावं लागतं. आजी म्हणाली, लिहून घे.

'रजिस्टर कुणाकडं आसतंय? समद्यांना बघाय मिळतंय का?' बहिणीने विचारून सांगितलं, खजिनदार मुलगी असते, दर टर्मला हिशेब मांडते. आजीला बरं वाटलं.

'मधीच सोडलं तर?' दिलेले पैसे परत नाहीत, पण सोडता येतं. शिवाय एकदा दीक्षा घेतली की सहसा दुसऱ्या सोरोरिटीत जाता येत नाही. 'मंजी घटस्फोट हाय, दुसरं लगीन न्हाई,' आजीचा निष्कर्ष.

'नव्या पोरींना सासुरवास करत्यात का?'

इथे मात्र सगळे गप्प झाले. कारण हा खरा भीतीचा प्रश्न. 'हेझिंग' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आपण रॅगिंग म्हणतो. मोठ्या सोरोरिटींच्या नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे, आणि तरीही उत्तर अमेरिकेत त्याच्या बातम्या येत राहतात. आजीचा शब्द जास्त अचूक आहे, कारण सासुरवास कुणी 'छळ' म्हणून करत नाही. 'आम्हीही सोसलंय, तूही सोस' म्हणून करतं. आजीचा सल्ला : 'पहिल्या म्हैन्यात कुणी गप बसून सोसायला लावलं, तर त्याच दिवशी पायातलं चप्पल घालून भाईर.'

'आन् रात्री-बेरात्री अडलं तर कोण येतंय?' बहीण म्हणाली, 'ते आत गेल्याशिवाय कसं कळणार, आजी?' आजी म्हणाली, 'त्ये बी खरंच.'

मावशीने मग पुन्हा आपला प्रश्न टाकला. 'पण आई, मैत्रिणींसाठी पैसे भरायचे का?' आजीने फोन जरा लांब धरला आणि शांतपणे म्हणाली, 'तुझ्या पुण्याच्या हॉस्टेलची डिपॉझिट कुटनं आली हुती, म्हाईत हाय ना?'

मावशीला माहीत होतं. दोन हजार रुपये. गटाचं तिसरं की चौथं कर्ज. पंधरा बायकांनी बोटं टेकवून आणि सह्या करून दिलेलं. त्यांतल्या कित्येकींच्या स्वतःच्या मुली दहावीच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्या पैशावर मावशी पुण्यात शिकली, नोकरीला लागली आणि आज तिची मुलगी कॅनडात आहे. फोनवर कुणी काही बोललं नाही. नंतर मावशी म्हणाली, 'हप्ते पाडून घे म्हणावं.'

मला या सगळ्यातून जे लख्ख कळलं ते असं. 'पैसे देऊन मैत्री' हे म्हणताना आपण गृहीत धरतो की खरी मैत्री आपोआप होते, फुकट होते. शेजार असेल तर होतेही. वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहिलं की बहीणपण आपसूक साठत जातं, त्याला ना रजिस्टर लागत ना तारीख. पण भूकंपाने गल्ली मोडली, किंवा व्हिसाने तुम्हाला उचलून दुसऱ्या खंडात ठेवलं, तर? तेव्हा ते हाताने उभं करावं लागतं. त्याला ठरलेली तारीख लागते, ठरलेली वर्गणी लागते आणि कंटाळा आला तरी हजर राहायचं बंधन लागतं. वीस रुपयांनी मैत्री विकत मिळत नाही. वीस रुपये म्हणजे 'पुढच्या दहा तारखेलाही मी येणार' याचा पुरावा.

आणि एकदा ते उभं राहिलं की कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गटांतल्या बायका गुजरातला गेल्या. भाषा येत नव्हती. पण घर पडल्यावर आधी काय करायचं, सरकारी कागद कसे वाचायचे, नव्या घराच्या कामावर नजर कशी ठेवायची, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं आणि तेच त्यांनी तिथल्या बायकांना सांगितलं. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या. कप्पा अल्फा थीटाच्या शाखा टोरोंटोला पोचल्या, तशाच सास्तूरच्या पट्ट्यातल्या गटांच्या बहिणी भुजला.

बहिणीने बिड स्वीकारली. जानेवारीत काकांची अँजिओप्लास्टी झाली, पुण्यात, अचानक. तिकडे मध्यरात्र, बाहेर उणे वीस तापमान. तिने चॅप्टरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. अर्ध्या तासात तिची 'बिग' आणि आणखी दोघी तिच्या तळघरात हजर. एकीने सूप केलं, एकीने परतीच्या तिकिटाचे भाव बघितले, तिसरीने तिच्या प्राध्यापकांना मेल लिहिला. सकाळी काका शुद्धीवर आल्याचा फोन येईपर्यंत तिघी तिथेच जमिनीवर झोपल्या. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, 'मग झाला की गट.'

आता इथे लेख संपवला तर छान गुलाबी होईल, पण ते खरं नाही होणार. कारण आजीचा एक प्रश्न मी अजून सांगितलाच नाही : 'कुणाला घेत न्हाईत?'

बहिणीची रूममेट, पंजाबी मुलगी, तीही त्याच रिक्रूटमेंटला गेली होती. तिला बिड आली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची पद्धतच नाही. एकाच खोलीत एकीला बहिणी मिळाल्या आणि दुसरीला फक्त 'सॉरी'चा ई-मेल. त्या रात्री रूममेट दार लावून रडली आणि बहीण आनंद साजरा करायला गेली नाही. हा आक्षेप जुनाच आहे. सोरोरिटींचा इतिहास आत घेण्याचा जितका आहे, तितकाच बाहेर ठेवण्याचा. गोऱ्या मुलींच्या मंडळांत जागा नव्हती म्हणून १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी 'अल्फा कप्पा अल्फा' काढली. कमला हॅरिस याच सोरोरिटीच्या. दक्षिण आशियाई मुलींनी १९९८ साली ह्यूस्टनमध्ये 'डेल्टा फाय ओमेगा' काढली. कॅनडातलं टोरोंटो विद्यापीठ आजही या मंडळांना अधिकृत मान्यता देत नाही. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात तर १९३०च्या दशकापासून त्यांना बंदी आहे. निवडून घेणाऱ्या मंडळाला विद्यापीठाने आपलं म्हणायचं का, हा वाद तिकडे संपलेला नाही.

आणि आपले गट? आजीने आवाज खाली आणून सांगितलं. गावात रोजंदारीवर जाणारी एक विधवा होती. तिला महिना वीस रुपये बांधून घेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिला कुणी बोलावलंच नाही. गट गरिबांसाठी, पण सगळ्यांत गरीब बाई बाहेर. शिवाय गट बनले ते बहुतेक ओळखीपाळखीने, म्हणजे कुठल्या जातीची कुणाशेजारी बसते ते बघूनच. आणि हल्ली 'गट' हेच नाव लावून खाजगी मायक्रोफायनान्सवाले कर्ज वाटतात, तिथे एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवतात. बहीणपणाचीच ताकद, फक्त वसुलीसाठी वापरलेली.

आजीच्या गटाने पाच वर्षांनी त्या बाईला घेतलं, महिन्याला पाच रुपयांवर. नियम मोडून. 'रजिस्टरात येगळा रकाना पाडला,' आजी म्हणाली. मला विचाराल तर त्या गटाने केलेलं सगळ्यांत मोठं काम हेच. आणि बहीण आता रिक्रूटमेंटच्या टीममध्ये आहे. वर्गणीत सवलतीसाठी फंड काढायचा तिचा प्रस्ताव दोनदा नापास झालाय. तिसऱ्यांदा मांडणार म्हणते.

आता आपल्याकडे बघू. २०२४पासून महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' म्हटलं की महिन्याचे पंधराशे रुपयेच आठवतात, पण सरकार पैसे देऊ शकतं, बहिणी नाही. तुम्ही-आम्ही हिंजवडीत, बाणेरला, ठाण्यात, पवईत, गाव सोडून आलेले. टू-बीएचकेत चौघी राहतो, फ्रीजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, दुधाचा हिशेब अ‍ॅपवर. 'गर्ल्स गँग' नावाचा ग्रुप आहे, त्यावर न वाचलेले त्रेचाळीस मेसेज आहेत आणि 'भेटू या ना गं लवकर' हे वाक्य गेल्या दिवाळीपासून पिन केलेलं आहे. सगळ्या चांगल्या आहेत. पण रात्री दोनला रिक्षा करून कोण येईल, यावर पटकन नाव सुचतं का?

सोरोरिटी लागत नाही, ग्रीक अक्षरंही लागत नाहीत. आजीची पद्धत पुरते. पाच-सहा जणी घ्या. महिन्यातली एक तारीख ठरवा आणि ती ऑफिसच्या कॅलेंडरवर टाका, 'रिकरिंग' करून. थोडी वर्गणी काढा, पाचशे रुपये म्हणा. कुणाची नोकरी गेली, कुणाला अचानक घरी जावं लागलं, तर त्यातून. हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवा. जी आली नाही तिला दंड म्हणून पुढच्या वेळी पोहे करायला लावा. आणि महत्त्वाचं, एक जागा अशा मुलीसाठी ठेवा जिला कुणी बोलावत नाही. ती फ्लोअरवर नवी आलेली असेल, लातूरकडची असेल, इंग्लिश मीटिंगमध्ये गप्प बसणारी असेल. वर्गणी जमत नसेल तर वेगळा रकाना पाडा.

सास्तूरमध्ये दर ३० सप्टेंबरला भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. त्यानंतर दहाच दिवसांनी गटाची मीटिंग असते. आजी आता पंच्याहत्तरीची आहे, गुडघे दुखतात, पण हजेरीत तिचा खाडा नाही. पंधरातल्या अकरा जणी उरल्यात, चार जागांवर सुना आल्यात. बचत वीसची दोनशे झालीये.

तर मंडळी, येत्या दहा तारखेला काय करताय?